हिल्माच्या डबीचा उशीर

हिल्मा रुओनाने आयुष्यात कशावर डोळे मिटून विश्वास ठेवला असेल तर तो स्वतःच्या दोन हातांवर. बाकी सगळं जग तिच्या लेखी तपासून घ्यायची गोष्ट होती. हॅन्कॉक या फिनिश वस्तीच्या गावात, सहकारी दुकानात मांसाच्या काउंटरवर तिची सगळी नोकरी झाली. तिथे रोज सकाळी आल्या आल्या ती आधी काटा तपासायची. तो आदल्याच दिवशी तपासलेला असायचा, आणि तिनेच तपासलेला असायचा, तरीही. नवा पोस्टमन आला की त्याचं आजोळ कुठलं इथपर्यंत खोदून खोदून विचारायची. नवरा एइनो हयात असताना म्हणायचा, ही बाई सौनात, वाफेच्या खोलीत, शिरतानासुद्धा बाहेरून कुणी कडी घालू शकेल का ते बघून मग शिरते. ते अगदी खरं होतं.

घरात संगणक आला तेव्हाही हाच प्रकार. विकतच्या सिस्टिमने एके दिवशी तिला न विचारता स्वतःला बदलून घेतलं, पडद्यावर नवीनच चित्रं दिसायला लागली, आणि हिल्माचा तिळपापड झाला. ज्याचं झाकण मला उघडता येत नाही ते माझ्या घरात नको, असं म्हणून तिने ती पुसून टाकली आणि लिनक्स घातलं. निवृत्तीनंतर, चष्मा नाकावर सरकवत, शिव्या घालत ती ते शिकली. फुकट मिळतं म्हणून तिने ते घेतलं नव्हतं, फुकट म्हटल्यावर तर तिला जास्तच शंका आली होती. पण त्यातली प्रत्येक ओळ उघडी होती, कुणीही वाचावी. तिने त्यातल्या शंभरातल्या दोनही वाचल्या नसतील, पण वाचता येतात एवढ्यावर तिला झोप लागायची.

हे सगळं कशासाठी, तर अकॉर्डियनसाठी. हिल्मा अकॉर्डियन वाजवायची आणि तिचा जुना साथीदार उर्हो सारकेला हा फिडल, म्हणजे व्हायोलिन. टोइवोला गावच्या हॉलमध्ये जूनमध्ये युहान्नुसचा, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या सणाचा, नाच व्हायचा, सूर्य मावळायचं नावच घेत नाही त्या दिवसांत, आणि तिथे स्टेजवर ही दोघं. पोरं होती ती आजोबा झाली, पण स्टेजवरच्या त्या दोन खुर्च्यांवर दुसरं कुणी बसलं नव्हतं. पुढे उर्हो लेकीकडे, कारिनकडे, मार्केट नावाच्या दूरच्या शहरात राहायला गेला. मग वाजवणं संगणकावर आलं. उर्हो फिडल वाजवून त्याची फाइल पाठवायचा. हिल्मा कानाला हेडफोन लावून त्यावर अकॉर्डियन वाजवायची आणि आपला भाग परत पाठवायची. उर्हो दोन्ही एकत्र करायचा, आणि रविवारी सकाळी तिथल्या छोट्या रेडिओ केंद्रावर तो पोल्का, ती वेगवान नाचाची धून, सगळा जिल्हा ऐकायचा. हिल्मासुद्धा ऐकायची, आणि आपलं बोट कसं घड्याळासारखं पडतंय याचा तिला मनातून अभिमान वाटायचा.

दोन उन्हाळे हॉल बंद होता, जमीन उखडून नवी घालत होते. यंदा जूनमध्ये पुन्हा नाच होणार होता. हिल्माला दुसरं काही नको होतं. एइनो गेल्यावर त्या खुर्चीनेच तिला धरून ठेवलं होतं. ती गेली तर उरतं काय, दोन खोल्या, एक सौना आणि दिवसभर खिडकीतून शेजाऱ्यांवर नजर.

एप्रिलात, अंगणात अजून गुडघाभर बर्फ असताना, उर्होचा फोन आला. मोतीबिंदू काढायचाय, डॉक्टरने पडद्याकडे बघायला बंदी केलीय, तेव्हा या रविवारी जुनाच कार्यक्रम लावायला सांगतो. हिल्मा म्हणाली, जुना कशाला? तुझ्या फिडलची फाइल माझ्याकडे आहे, माझं मी वाजवते, दोन्ही मीच जोडते आणि पाठवते. पलीकडून उर्हो घाईघाईने म्हणाला, नको नको, तू कशाला त्रास घेतेस, एक रविवार गेला तर काय आकाश कोसळतंय. उर्हो सारकेला घाईघाईने कधीच बोलत नसे. त्याला साधं हो म्हणायला कॉफीचा अर्धा कप लागायचा. हिल्माच्या मनात पाल चुकचुकली. तिने फोन ठेवला आणि तडक कामालाच लागली.

वाजवून झालं. तिने दोन्ही भाग एकाखाली एक ठेवले आणि ऐकले. अकॉर्डियन फिडलच्या मागे होती. फार नाही, पण होती. दोघं एकाच रस्त्याने चाललेत आणि एकाचा बूट सैल आहे, तसं काहीतरी. तिने पुन्हा वाजवलं, पुन्हा ऐकलं. तेच.

आता ज्यांनी घरी बसून असं काही केलंय त्यांना माहीत आहे, पहिला आरोपी म्हणजे आवाज संगणकात घेणारी डबी. माइक डबीत जातो, डबी यूएसबीच्या वायरने संगणकात जाते. आवाज आत येताना थोडाथोडा साठून पुढे सरकतो. साठवण मोठी ठेवली की आवाज उशिरा पोचतो, लहान ठेवली की चटचट फुटतो. या उशिराने भल्याभल्यांना रडवलंय. हिल्मा रडणाऱ्यातली नव्हती, तिने तपास सुरू केला. आधी मधला यूएसबीचा हब काढला आणि डबी थेट संगणकाला लावली. मग बिनवायरीच्या माउसचा तो इवलासा तुकडा शेजारच्या भोकातून उपटला, कारण तो तिथे काय करतो कुणास ठाऊक. मग वीज वाचवण्यासाठी संगणक यूएसबीला मधूनमधून झोपवतो ते बंद केलं. साठवण कमी केली, आवाज फुटला, पुन्हा वाढवली. मग गेल्या आठवड्यात आवाजाच्या यंत्रणेची नवी आवृत्ती आली होती तिच्यावर तिचा डोळा गेला. कुणा पोराने काय बदललंय ते तिने वाचून काढलं, त्याच्या नावापुढे मनात फुली मारली आणि जुनी आवृत्ती परत बसवली. उशीर जागचा हलला नाही.

शेवटी नाइलाजाने ती नेटवर लिनक्सवाल्यांच्या कट्ट्यावर गेली. तिथे टिनकप नावाने लिहिणारं एक जुनं खोड होतं. त्याने रीतीप्रमाणे विचारलं, मशीन कोणतं, डबी कोणती, नोंदी जोड. हिल्माने उलट विचारलं, माझ्या मशीनची माहिती तुला कशाला हवी? लोक हसले. टिनकप हसला नाही. तो म्हणाला, बरं, राहू दे, मग निदान चाचणी कर. डबीच्या बाहेर जाणाऱ्या भोकातून एक वायर काढ आणि तिच्याच आत येणाऱ्या भोकात घाल. टिचकीसारखा एक आवाज सोड. तो जायला आणि परत यायला किती वेळ लागतो तोच तुझ्या डबीचा उशीर. तेवढा आकडा प्रोग्रॅमला सांगितलास की तो तुझा भाग तेवढाच पुढे घेईल. आणि हो, एका वेळी एकच गोष्ट बदल.

हिल्माने चाचणी केली आणि तिला चोर सापडला. डबी बंद करून चालू केली की दरवेळी उशीर वेगळा यायचा. तिने ते कट्ट्यावर विजयी मुद्रेने लिहिलं. टिनकप म्हणाला, यूएसबीच्या डब्या असंच करतात, म्हणून दरवेळी मोजून घ्यायचं. तिने मोजून घेतलं, आकडा घातला आणि संथ चालीचा वॉल्ट्झ वाजवला. वॉल्ट्झ फिडलला अगदी चिकटून बसला. तिला हायसं वाटलं. म्हणजे बोटं शाबूत आहेत, खुर्ची शाबूत आहे. मग, डबी बंद न करता, तिने पोल्का वाजवला.

पोल्का मागे पडला. सुरुवातीला थोडा, आणि दुसऱ्या भागात, जिथे सूर धावतात तिथे, चांगलाच. तिने कट्ट्यावर तक्रार केली की तुमची चाचणी कुचकामी आहे, एकाच बैठकीत वॉल्ट्झला बरोबर आणि पोल्काला चूक. टिनकपचं उत्तर आलं.

"डबी एकदा सुरू झाली की तिचा उशीर ठरलेला. वॉल्ट्झ कोणता आणि पोल्का कोणता हे तिला कळत नाही. वाजवतंय कोण?"

हिल्माने ते वाचलं आणि संगणकच बंद केला. कोण हा टिनकप? कधी पाहिलाय कुणी याला? नक्कीच डबी बनवणाऱ्या कंपनीचा माणूस असणार, नाव बदलून कट्ट्यावर बसलेला, कंपनीचं पाप गिऱ्हाइकाच्या माथी मारायला. तिने उभ्या उभ्या भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. डाव्या हाताची बोटं उघडमीट करून बघितली. ठणठणीत होती. निदान भांडी घासायला तरी होती.

पण एक प्रश्न तिला सोडेना, आणि तो तिच्या स्वभावाप्रमाणे दुसऱ्याच दिशेने गेला. डबी जर इतके दिवस असाच मनमानी उशीर करत असेल, तर रविवारी रेडिओवर सगळं इतकं बरोबर कसं यायचं? कुठेतरी पाणी मुरत होतं.

हिल्मा स्वतः वाजवलेलं काहीही पुसत नसे. पाठवलेला प्रत्येक भाग तिने जपून ठेवला होता, पुढेमागे कुणी काही म्हटलं तर हाताशी असावं म्हणून. रेडिओवरचे कार्यक्रमही उतरवून ठेवले होते. तिने गेल्या हिवाळ्यातला एक पोल्का काढला, आपला मूळ भाग आणि रेडिओवरचा भाग एकाखाली एक ठेवला. जुळेना. एक ओळ थोडी पुढे, दुसरी त्याहून जास्त पुढे, तिसरी जरा कमी. सगळा भाग एकदम पुढे घेतला असता तर ती समजू शकली असती. हे तसं नव्हतं. कुणीतरी तिचं वाजवणं ओळी-ओळीने कापून, एकेक तुकडा हाताने सरकवून बसवला होता. तिने दुसरा काढला, तिसरा काढला. सगळीकडे तीच कापाकापी.

म्हणजे उर्हो! म्हणून फोनवर ती घाई. आता एकेक धागा जुळायला लागला. मार्केटच्या शाळेत संगीत शिकवणारी ती ब्रिता हेइकिनेन, अकॉर्डियन वाजवते, तरुण आहे, आणि उर्होने तिचं कौतुक केलंय, एकदा नव्हे दोनदा. हॉलच्या समितीचा अध्यक्ष उर्होचा मावसभाऊ. हिल्माचं कच्चं वाजवणं उर्होच्या हातात. रेडिओवर सारवासारव करायची, म्हणजे हिला कळणार नाही, आणि मूळ भाग समितीला ऐकवायचे. बघा, आमची हिल्मा आता राहिली नाही, काय करणार, वय झालं. आणि खुर्चीवर ब्रिता. इतक्या वर्षांचा माणूस, एइनोच्या शवपेटीला खांदा दिलेला माणूस!

सकाळी ती लॅपटॉप गाडीत टाकून मार्केटला निघाली. फोन केला नाही. चोराला तयारीला वेळ कोण देतं? रस्ताभर ती एकटीच बोलत होती, उर्होची वाक्यं उर्होच्या आवाजात आणि आपली आपल्या आवाजात, आणि प्रत्येक वेळी जिंकत होती.

दार कारिनने उघडलं. "अगं मावशी, तू?" म्हणून तिने आत घेतलं. उर्हो स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, एका डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवलेली. कारिनने कॉफी ओतली, निसू, तो वेलदोड्याचा गोड पाव, कापला. हिल्मा म्हणाली, मला कॉफी नको. आता आमच्या फिनिश लोकांत कॉफीला नाही म्हणणं म्हणजे तोंडात मारण्यापेक्षा वाईट. कारिनने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा मावशीकडे, आणि काहीतरी आणायचं राहिलंय म्हणत कोट घेऊन बाहेर पडली.

हिल्माने लॅपटॉप उघडून त्याच्यासमोर सरकवला. "माझे सूर कुणी सरकवले?"

"मी," उर्हो म्हणाला.

रस्ताभर केलेल्या तयारीत हे उत्तर नव्हतं. तिने विचारलं, कधीपासून. हॉल बंद झाला त्या हिवाळ्यापासून, तो म्हणाला. आधी त्यालाही डबीच वाटली होती. मग वायर वाटली. ख्रिसमसला त्याने तिला नवी यूएसबीची वायर पाठवली होती ती त्याचसाठी. हिल्माला आठवलं, ख्रिसमसला वायर कोण देतं, यात काय डाव आहे, म्हणून तिने ती दोन आठवडे खोक्यातच ठेवली होती. वायर बदलली तरी फरक पडला नाही तेव्हा उर्हो समजला. मग तो दर आठवड्याला तिच्या ओळी कापून जागेवर बसवायला लागला. कापायचं कसं ते त्याला हिल्मानेच शिकवलं होतं.

"आणि ती ब्रिता?"

"ब्रिताचं काय?"

"समितीला तिचं नाव दिलंयस ना?"

उर्होने उघड्या डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. "ब्रिता रेडिओ ऐकते," तो म्हणाला. "मला म्हणाली, तुमच्या हिल्माबाईंचं बोट काय नेमकं पडतं हो. मला शिकवतील का, विचारा."

हिल्माला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं आणि ओरडायला कुणीच सापडेना. तिने शेवटचा अडसर पुढे केला. ही सगळी तुझ्या कानांची चूक असेल, ती म्हणाली, नाहीतर तुझ्या संगणकाची. उर्होने वाद घातला नाही. तो उठला, भिंतीवरचं फिडल काढलं आणि पोल्का सुरू केला, तोच, धावत्या सुरांचा. हिल्माची बोटं सवयीने टेबलाच्या कडेवर पडायला लागली. पहिला भाग गेला. दुसऱ्या भागात तिला स्वतःच्या नखांची टिकटिक ऐकू आली, फिडलच्या मागून येणारी. तिने दात आवळून बोटं घाईला लावली. ती घाईला येईनात. मधे वायर नव्हती, डबी नव्हती, कसली साठवण नव्हती. एक लाकडी टेबल होतं आणि तिचा स्वतःचा हात होता.

तिने हात उचलून मांडीवर ठेवला. उर्होने फिडल थांबवलं. तिला लाज वाटली, इतकी की मान वर होईना. दोन वर्षं सगळा जिल्हा ज्या बोटांचं कौतुक करत होता ती उर्होने कात्रीने बनवलेली होती, आणि ती मूर्ख बाई रविवारी सकाळी रेडिओसमोर बसून मान डोलावत होती.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू अकॉर्डियन खोक्यात घातली असतीस. मग मी कुणाबरोबर वाजवू?"

समोरचा गार झालेला कप तिने ओढून घेतला आणि सगळा पिऊन टाकला. निघताना दारात म्हणाली, यापुढे माझा एक सूरही हलवायचा नाही. जसं आहे तसं जाऊ दे. उर्हो म्हणाला, लोकांना ऐकू येईल. येऊ दे, ती म्हणाली, जूनमध्ये येणारच आहे. आणि मी ताडून बघणार आहे, हे लक्षात ठेव.

हॅन्कॉकच्या डॉक्टरने बोटं दाबून, वाकवून पाहिली आणि सांगितलं की नसा थकल्यात, व्यायाम करा, पूर्वीसारखं होणार नाही. हिल्माने भिंतीवरची त्याची पदवी नीट वाचून घेतली. मग घरी जाऊन रोज पोल्का घासला. काही ओळी सुधारल्या, धावत्या नाहीत. उर्होचा डोळा उघडल्यावर त्याने फिडल पाठवलं, तिने डबी मोजून घेतली, वाजवलं आणि आपला भाग आहे तसा पाठवून दिला.

रविवारी सकाळी तिने रेडिओ लावला आणि खुर्चीची कड धरून बसली. पोल्का सुरू झाला. पहिला भाग गेला. दुसरा आला, आणि फिडल आणि अकॉर्डियन अगदी खांद्याला खांदा लावून निघाली. कुठे फट नाही, कुठे मागेपुढे नाही.

खोटारडा! शब्द देऊन पुन्हा कात्री चालवली याने. हिल्मा उठली, उतरवलेला कार्यक्रम संगणकावर घेतला, आपला मूळ भाग त्याखाली ठेवला आणि चष्मा पुसला. ओळ न ओळ जुळली. केसभरही काही हललं नव्हतं. जिथे ती उशिरा पडली होती तिथेच ती उशिरा पडत होती. तिने पुन्हा ताडून पाहिलं. मग ही दोन्ही वाद्यं एकत्र कशी?

तिने उर्होने आधी पाठवलेलं फिडल काढलं आणि रेडिओवरच्या फिडलखाली ठेवलं. ते जुळेना. इथेही कापाकापी असेल म्हणून तिने ओळ-ओळ तपासली. काप नव्हता. गज वेगळ्या ठिकाणी वळत होता, श्वास वेगळ्या ठिकाणी होता. हे दुसरंच वाजवणं होतं. उर्होने तिची अकॉर्डियन कानाला लावून आपलं फिडल पहिल्यापासून पुन्हा वाजवलं होतं. जिथे तिची बोटं मागे राहिली होती तिथे तो तिच्यासाठी थांबला होता, प्रत्येक ओळीला तिला जेवढा वेळ लागला तेवढाच.

हिल्माने डोळे पुसले आणि फोन लावला. "पोल्का उशिरा वाजवलास तू."

"दोघांनीही वाजवला ना?" उर्हो म्हणाला. "मग उशीर कसला."

मग तिने विचारलं, जूनमध्ये तिथे हेडफोन नसणार, आधी वाजवलेलं ऐकायला मिळणार नाही, तेव्हा काय करशील?

"खुर्ची जरा जवळ लाव," तो म्हणाला. "मला तुझी बोटं दिसली पाहिजेत."